आधी फेलोशिप की आधी नोंदणी?

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या पत्राचा हा सारांश आहे; ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पत्रलेखिका ३३ वर्षांच्या, विवाहित, इतर मागास वर्गातील आणि एका लहान मुलीच्या आई आहेत. अर्थशास्त्रात ५७ टक्क्यांनी एम. ए. केल्यानंतर सहा वर्षे त्या वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. सेट (सहायक प्राध्यापक पदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असल्यामुळे विद्यापीठाच्या पेटमधून, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेतून, त्यांना सूट मिळाली आहे. नेट ही राष्ट्रीय पातळीवरची पात्रता परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा जेआरएफ (नेटमधील वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन फेलोशिप) थोडक्या गुणांनी हुकली. तिसऱ्यांदा दिलेली १८ जून २०२४ ची परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि फेरपरीक्षेच्या वेळी मुलगी आजारी होती. एक गाईड त्यांना घ्यायला तयार आहेत. ‘जिल्ह्यातील सहकारी पतसंस्थांचा चिकित्सक अभ्यास’ हा विषयही त्यांनी सुचवून ठेवला आहे. पत्रलेखिका विचारतात, ‘जेआरएफ मिळेपर्यंत थांबू, की फेलोशिपशिवाय नोंदणी करू? आधी नोंदणी केली तर पुढे मिळालेली जेआरएफ वाया जाते, असे सगळे सांगतात. पती जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असल्याने नॉन-क्रीमी लेयरही (मागास वर्गातील संपन्न गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) मिळणार नाही म्हणतात. ५७ टक्केवाल्या बाईला शिष्यवृत्ती देणार तरी कोण? माझ्या वर्गातली निम्मी मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांच्यापेक्षा माझे बरे, असे म्हणून गप्प बसावे का?’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातील शेवटची दोन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. निराशेच्या भरात, जाता जाता तुम्ही ती लिहिली असावीत, परंतु माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. त्यांच्याकडे मी येणारच आहे. त्याआधी तुमच्या मनात घर करून बसलेल्या काही समजुती तपासू, कारण त्यांतल्या काही सरळ चुकीच्या आहेत आणि त्यांच्या भरवशावर तुम्ही आयुष्याची दोन-तीन वर्षे पणाला लावायला निघाला आहात.

पहिली समजूत ५७ टक्क्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. प्रवेशासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात आणि नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागास वर्गीय उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. नेटलाही हीच मर्यादा आहे. म्हणजे तुम्ही सवलतीशिवायसुद्धा पात्र आहात. पात्र असणे आणि निवड होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. पात्रता हा उंबरठा आहे. तो ओलांडला की ओलांडला. त्यानंतर निवड ठरते ती परीक्षेतील गुण, संशोधन आराखडा आणि मुलाखत यांवर. मी काही वर्षे निवड समित्यांवर काम केले आहे. उंबरठा ओलांडून आत आलेल्या उमेदवाराला एम. ए.चे टक्के विचारल्याचे मला क्वचितच आठवते. हाच प्रश्न का घेतला आणि तो तुम्हीच का सोडवावा, एवढे मात्र प्रत्येकाला विचारले जाते.

दुसरी समजूत अधिक महागात पडणारी आहे. आधी नोंदणी केली तर जेआरएफ वाया जाते, हे खरे नाही. नेटच्या माहितीपत्रकातला नियम असा आहे की, निकालाच्या आधीच पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्या उमेदवाराची फेलोशिप निकालाच्या तारखेपासून सुरू होते, आणि निकालानंतर प्रवेश घेणाऱ्याची प्रवेशाच्या तारखेपासून. एवढाच फरक आहे. फेलोशिपची एकूण मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे किंवा प्रबंध सादर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर असते. तुम्ही आज नोंदणी केली आणि दीड वर्षाने जेआरएफ मिळाली, तर त्या मधल्या दीड वर्षाचे पैसे मिळणार नाहीत हे खरे. पण जेआरएफशिवाय थांबून राहिलात तरी ते कुठे मिळणार होते? मग गमावले काय?

उलट बाजूने पाहा. जेआरएफसाठी नोंदणी आधी असावी लागत नाही. जेआरएफचे निवडपत्र मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत संशोधन सुरू करायचे असते. पण तुमच्यासारख्या उमेदवारासाठी उघडे असलेले बाकीचे बहुतेक दरवाजे नोंदणी झाल्यावाचून उघडतच नाहीत. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी राज्य शासनाने नागपूरला महाज्योती ही संस्था उभारली आहे. तिच्या अधिछात्रवृत्तीसाठी, म्हणजे फेलोशिपसाठी, पीएच.डी.ची नोंदणी पक्की झालेली असावी लागते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिपही नोंदणी झालेल्या पूर्णवेळ संशोधकांसाठीच असते. ‘आधी फेलोशिप, मग नोंदणी’ असे ठरवून बसणारा माणूस एका दरवाजासमोर रांग लावतो आणि उरलेल्या दरवाजांकडे स्वतःच पाठ फिरवतो. तुमच्या पत्रात महाज्योतीचा उल्लेखही नाही. गाईड सुचवणारे, विषय सुचवणारे, नाउमेद करणारे सगळे भोवती असताना ही एवढी माहिती तुमच्यापर्यंत पोहोचू नये, याचे मला मनापासून वाईट वाटले.

वयाचा हिशेबही थांबण्याच्या विरोधात जातो. जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे आहे. महिलांना आणि इतर मागास वर्गीयांना पाच वर्षांची सवलत मिळते, पण दोन्ही गटांत बसणाऱ्याला ती दोनदा मिळत नाही. म्हणून तुमची मर्यादा ३५. परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय कोणत्या तारखेला मोजायचे ते त्या-त्या वेळच्या अधिसूचनेत दिलेले असते. म्हणजे तुमच्या हातात साधारण तीन-चार संधी आहेत. त्या घ्याच, पण नोंदणी करून घ्या. सहायक प्राध्यापक पदाच्या नेटला वयाची अट नाही, एवढेही लक्षात असू द्या. पस्तिशीनंतर दार बंद होते ते केवळ जेआरएफचे.

आता नॉन-क्रीमी लेयर. इथे तुम्हाला कुणीतरी ठामपणे चुकीचे सांगितले आहे. क्रीमी लेयर ठरतो तो उमेदवाराच्या आईवडिलांच्या दर्जावर आणि उत्पन्नावर. पतीच्या नोकरीचा किंवा पगाराचा त्यात विचार होत नाही. विवाहित स्त्रीलाही हाच नियम लागू आहे. केंद्राच्या नियमानुसार ८ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा तपासताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्नसुद्धा धरायचे नसते. तुमच्या वडिलांची कोरडवाहू शेती आहे, असे तुम्ही लिहिता. मग प्रमाणपत्र अडण्याचे कारण मला दिसत नाही. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात कुणी पतीची पगारपत्रके मागितली, तर शांतपणे आणि लेखी विचारा की ती कोणत्या नियमाने मागता.

दोन बारकावे मात्र सांभाळा. नेट ही केंद्राची परीक्षा असल्यामुळे तिला केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यातले चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने नोंदलेली आहे ते आधी पाहावे लागते. महाज्योतीसारख्या राज्याच्या संस्थेला राज्याचे प्रमाणपत्र लागते, शिवाय अनेकदा जात वैधता प्रमाणपत्रही. दोन्ही प्रकारची प्रमाणपत्रे काढून ठेवा. दुसरी गोष्ट नावाची. जातीचा दाखला आणि दहावीची सनद माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि बँकखाते तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले, अशी अवस्था आपल्याकडे निम्म्या विवाहित उमेदवारांची असते. ऑनलाइन अर्जात हे चव्हाट्यावर येते तेव्हा शेवटच्या तारखेला दोन दिवस उरलेले असतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावातील बदलाचे राजपत्र आत्ताच हाताशी ठेवा. पीएच.डी.ची नोंदणी करताना जे नाव द्याल, तेच पुढे प्रत्येक फेलोशिपच्या अर्जात येणार आहे, म्हणून ते विचार करून द्या.

आता नेटविषयी. तीन प्रयत्नांवरून तुम्ही स्वतःबद्दल जो निष्कर्ष काढला आहे, तो मला मान्य नाही. तिसरा प्रयत्न मोजूच नका. देशभरातल्या लाखो उमेदवारांची ती परीक्षा तुमच्या दोषाने रद्द झाली नव्हती, आणि तापाने फणफणलेल्या मुलीला सोडून परीक्षा केंद्रावर न जाणे हा नापासाचा शेरा नव्हे. राहिले दोन प्रयत्न. दोन्हींची गुणपत्रके समोर ठेवून पेपर एक आणि पेपर दोनचे गुण वेगवेगळे पाहा. पेपर एक १०० गुणांचा आणि ५० प्रश्नांचा, पेपर दोन २०० गुणांचा आणि १०० प्रश्नांचा; दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. तुमच्यासारख्या नियमित शिकवणाऱ्या उमेदवारांना पेपर दोनमध्ये बरे गुण असतात आणि जेआरएफ निसटते ती पेपर एकमध्ये, असे मी वारंवार पाहिले आहे. अध्यापन, संशोधन पद्धती आणि उच्च शिक्षणाची रचना हे घटक आपले रोजचेच आहेत असे समजून आपण त्यांकडे वळत नाही, आणि आकडेमोड, तर्क व माहितीचे अर्थनिर्वचन या घटकांना एम. ए.नंतर हात लावलेला नसतो. दहा घटकांचे प्रत्येकी पाच प्रश्न असतात. तुमचे कोणते दोन-तीन घटक कच्चे आहेत ते जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या की आठवड्याभरात कळेल.

भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो कमी लेखू नये. नेटची अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. तुम्ही पदवीपासून मराठीतून शिकलात, मराठीतून शिकवता. ‘सीमांत उपयोगिता’ तुम्हाला झोपेत विचारली तरी सांगाल, पण तीच संकल्पना इंग्रजी वाक्यात आडवळणाने आली की वाचण्यात वीस सेकंद जास्त जातात, आणि दीडशे प्रश्नांत त्या सेकंदांची बेरीज मोठी होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे रोज थोडे इंग्रजी अर्थशास्त्र वाचणे. रिझर्व्ह बँकेची आणि केंद्राच्या आर्थिक पाहणीची प्रकाशने विनाशुल्क मिळतात आणि हिंदीतही असतात. हेच वाचन पुढे प्रबंधालाही उपयोगी पडेल. प्रबंध लिहिताना मात्र भाषेचे ओझे घेऊ नका. आपल्याकडील अनेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांचा प्रबंध मराठीत सादर करता येतो.

आणखी एक गोष्ट जून २०२४ पासून बदलली आहे. नेटच्या निकालात आता तीन गट असतात: जेआरएफ व सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या व तिसऱ्या गटातील उमेदवारांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, पण हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. तुमचे विद्यापीठ सेटच्या आधारे सूट देत असल्याने तुम्हाला याची आज गरज नाही. राज्याबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाचा विचार केलात, तर मात्र पडेल.

आतापर्यंत मी ‘नोंदणी करा’ म्हणत आले. ‘उद्याच करा’ मात्र म्हणत नाही, आणि याचे कारण तुमचा विषय आहे.

‘जिल्ह्यातील सहकारी पतसंस्थांचा चिकित्सक अभ्यास’ हा विषय वाईट नाही. तुमच्या गाईडनी तो सद्भावनेनेच सुचवला असणार. पण तुमच्या चार पानी पत्रात पतसंस्थांविषयी एकही वाक्य नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांविषयी एक वाक्य आहे, आणि तेच जिवंत आहे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध वाचायला मिळतात. तिथे ‘चिकित्सक अभ्यास’ असे शोधून पाहा. जिल्ह्याचे नाव बदलून केलेले, एकाच साच्याचे किती प्रबंध सापडतात ते तुमच्या लक्षात येईल. अशा आराखड्याला नोंदणी मिळते, कधी पदवीही मिळते, पण फेलोशिपच्या मुलाखतीत तो उभा राहत नाही, कारण त्यात प्रश्नच नसतो. जागा असते, काळ असतो, प्रश्नावली असते आणि ‘समस्या व उपाययोजना’ नावाचे शेवटचे प्रकरण असते.

आता तुमच्या वर्गाकडे पाहा. दिवाळीनंतर निम्मी बाके रिकामी होतात. मुले आईवडिलांबरोबर पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, तेव्हा एक सत्र संपलेले आणि दुसरे संपत आलेले असते. काही परततच नाहीत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते, हे तुम्ही मला सांगायला हवे. मी ते वाचले आहे, तुम्ही मात्र त्या घरांतली मुले शिकवली आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला इथे प्रश्नच प्रश्न आहेत. उचल घेतलेल्या घरातल्या मुलाचे कॉलेज कधी सुटते: उचल फिटली नाही त्या वर्षी, की बहिणीचे लग्न झाले त्या वर्षी? मुलगा बारावीनंतर स्वतःच कोयता धरतो तेव्हा घराची उचल वाढते का? मुलीच्या शिक्षणाचे काय होते? वसतिगृहात राहिलेली मुले आणि फडावर गेलेली मुले यांच्या परीक्षेच्या निकालात काय फरक पडतो? ऊसतोड कामगारांवर बरेच लिहिले गेले आहे: मजुरीवर, आरोग्यावर, लहान मुलांच्या शाळेवर. पण ‘वरिष्ठ महाविद्यालयात नाव असलेला आणि हंगामात ऊस तोडणारा विद्यार्थी’ हा तुम्हाला रोज दिसणारा माणूस त्या लेखनात फारसा दिसत नाही. पुण्याच्या किंवा मुंबईच्या संशोधकाला तो गाठायला सहा महिने लागतील. तुमच्याकडे त्याचा मोबाईल क्रमांक आहे आणि त्याचा तुमच्यावर विश्वास आहे.

‘त्यांच्यापेक्षा माझे बरे म्हणून गप्प बसावे का’, असे तुम्ही विचारता. या मुलांची परिस्थिती तुम्ही स्वतःला गप्प करण्यासाठी वापरता आहात. तुमच्या गप्प बसण्याने त्यांच्यातल्या एकाचेही कॉलेज सुटायचे थांबणार नाही. पण त्यांचे कॉलेज का सुटते हे आकड्यांनिशी, काळजीपूर्वक मांडलेले कुठेतरी असले, तर वसतिगृहाचे, हजेरीच्या नियमाचे, परीक्षेच्या वेळापत्रकाचे निर्णय घेणाऱ्या कुणाला तरी ते वापरता येईल. अधिछात्रवृत्तीचा पैसा लोकांचा आहे आणि तो अशाच कामासाठी आहे. तो मागताना तुम्ही याचना करीत नाही.

गाईडशी हे कसे बोलायचे, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्यांनी सुचवलेला विषय मला नको, असे म्हणू नका. दोन पानांचे टिपण घेऊन जा आणि ‘सर, हे एकदा वाचून मत द्याल का’ एवढेच म्हणा. त्या दोन पानांत पहिल्या परिच्छेदात तुमचा प्रश्न एका वाक्यात असू द्या. मग त्यावर आधी काय लिहिले गेले आहे ते पाच-सात संदर्भांच्या आधारे आणि नेमके काय राहून गेले आहे ते. मग माहिती कुठून मिळवणार: महाविद्यालयाचे गेल्या पाच वर्षांचे हजेरीपट आणि परीक्षा अर्ज, विद्यार्थ्यांच्या मुलाखती, कारखान्यांच्या हंगामाची साखर आयुक्तालयाकडील आकडेवारी. शेवटी कोणत्या महिन्यात काय करणार ते. इथे तुमचा आराखडा हंगामाला बांधलेला असेल, कारण नोव्हेंबर ते मार्च तुमची माणसे फडावर असतील आणि उन्हाळ्यात गावी. हंगामाचे असे भान आराखड्यात दिसले की वाचणाऱ्याला कळते की हे टेबलावर बसून लिहिलेले नाही. हजेरीपट पाहण्यासाठी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि मुलांची नावे कुठेही उघड करू नका. तुम्ही त्यांच्या शिक्षिका आहात, ‘नाही’ म्हणणे त्यांना जड जाईल, हे लक्षात ठेवून त्यांची संमती मागा.

गाईडना विषय पटला नाही तर? तर त्यांचे कारण ऐका. ते कदाचित म्हणतील की हा माझा प्रांत नाही, आणि ते प्रामाणिक उत्तर असेल. नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात, म्हणून दुसरे मार्गदर्शक शोधताना आधी त्यांच्याकडे जागा आहे का, हे विद्यापीठाच्या यादीत पाहा. विषयासाठी एक सत्र थांबावे लागले तर मी तुम्हाला थांबायला सांगेन. जेआरएफसाठी थांबू नका, पण स्वतःच्या प्रश्नासाठी चार-सहा महिने जरूर थांबा, कारण नोंदणीच्या तारखेपासून सहा वर्षांची मुदत मोजायला सुरुवात होते. तिला दोन वर्षांची आणि महिलांना आणखी दोन वर्षांची वाढ मिळू शकते, शिवाय २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजाही आहे. पण नको असलेल्या विषयावर दहा वर्षेसुद्धा पुरत नाहीत. अशा विषयांत अडकून बसलेले संशोधक मी पाहिले आहेत. त्यांच्या घरी प्रबंधाचे नाव काढायची सोय नसते.

आता पैशाचे आणि तासिकांचे. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे; त्याशिवाय घरभाडे भत्ता आणि आकस्मिक खर्चाचे अनुदान मिळते. सामाजिक विज्ञान परिषदेची फेलोशिप दरमहा २०,००० रुपयांची आणि कमी मुदतीची आहे. राज्यातील संस्थांच्या जागा, रक्कम आणि निवडीची पद्धत जाहिरातीगणिक बदलत आली आहे, म्हणून मैत्रिणीच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका. त्या वर्षीची जाहिरात अथपासून इतिपर्यंत वाचा. यांपैकी कोणतीही फेलोशिप घेतली की पूर्णवेळ संशोधन करावे लागते आणि तासिकांचे काम सोडावे लागते. तुम्हाला भीती वाटते ती याचीच: सहा वर्षे धरून ठेवलेली जागा सुटेल, आणि भरती निघाली तर आपण रांगेतून बाहेर पडलेलो असू.

ही रांग खरोखर आहे का, ते पाहू. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्याचा तक्ता आहे. त्यात पीएच.डी.ला २५ गुण, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८ आणि सेटला ५ गुण आहेत. अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २, पण जास्तीत जास्त १० गुण. म्हणजे तुमची सहा वर्षे पूर्ण धरली गेली, तरी ते दहा गुण पाचव्या वर्षीच पुरे झाले. सातव्या, आठव्या वर्षीच्या तासिका त्या तक्त्यात काहीही भर घालणार नाहीत. तासिका तत्त्वावरची वर्षे अपुरी धरली गेली, तर मग त्या रांगेचा आधार पहिल्यापासूनच कच्चा होता. तुम्ही शिकवणे सोडावे असे मी म्हणत नाही. तुमच्या पत्रावरून कळते की तुम्ही मन लावून शिकवता. पण जागा धरून ठेवण्यासाठी शिकवत असाल, तर ती धरून राहत नाही आहे.

फेलोशिप मिळेपर्यंत तासिका सुरू ठेवा, आणि मिळाली की सोडा. मधल्या काळातील प्रवेश पूर्णवेळ दाखवायचा की अर्धवेळ, हे मात्र विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन लेखी विचारून घ्या. अर्धवेळ नोंदणीला नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि अर्धवेळ नोंदणीवर फेलोशिप मिळत नाही. हा एक शब्द चुकला म्हणून पुढे वर्षभर हेलपाटे घालणारी मुलगी माझ्या ओळखीत आहे. पूर्णवेळ संशोधकाला विभागात आठवड्याला चार ते सहा तासांचे अध्यापनविषयक काम देता येते, त्यामुळे वर्गाशी असलेले तुमचे नाते पुरते तुटणार नाही.

घरी पतीशी बोलताना रक्कम किती येते यापेक्षा ती कधी येते, हे आधी सांगा. हप्ते रखडतात. सहा-सहा महिने पैसे येत नाहीत आणि मग एकदम येतात. राज्यातील संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या फेलोशिपसाठी उपोषणाला बसावे लागले आहे, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. म्हणून तासिकांचे मानधन सोडण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, आणि तो कसा जमवायचा याचे गणित दोघांनी कागदावर मांडायला हवे. तुमचे पती तुम्हाला ‘करायचे ते कर’ म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्या वाक्याचा अर्थ मुलीला संध्याकाळी कोण सांभाळणार, इथपर्यंत नेऊन ठरवा.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनीही पत्रे पाठवली आहेत, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्याची बार्टी, मराठा व कुणबी उमेदवारांसाठी पुण्याचीच सारथी आणि आदिवासी उमेदवारांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांसाठी केंद्राच्या स्वतंत्र राष्ट्रीय फेलोशिपही आहेत. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असलेल्यांनी आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची फेलोशिप पाहावी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून नव्या उमेदवारांना बंद झाली आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून तिची वाट पाहू नये. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांचा रस्ता वेगळा आहे: सीएसआयआरची नेट, गेट, आणि निवडक संस्थांत पंतप्रधान संशोधन फेलोशिप. या सगळ्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या वेळी निघतात आणि मुदत थोड्याच दिवसांची असते. म्हणून प्रमाणपत्रे, गुणपत्रके, नोंदणीपत्र, आराखडा आणि गाईडची शिफारस स्कॅन करून एका ठिकाणी तयार असलेला उमेदवार अर्ज करू शकतो. बाकीचे दाखल्यांच्या मागे धावत राहतात.

तुमच्याकडे परत येते. तुम्ही लिहिता की पुढचे सत्र सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. या दिवसांत तहसीलमधून दोन्ही नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रांचे अर्ज भरा, पुढच्या नेटचा अर्ज चुकवू नका, आणि प्राचार्यांकडे हजेरीपटांच्या परवानगीचे पत्र द्या. गेल्या वर्षीचा प्रथम वर्षाचा हजेरीपट मिळाला की दिवाळीच्या आधीचा आणि नंतरचा महिना शेजारी ठेवून किती नावे गळाली ते मोजा. मुलगे किती, मुली किती, परत आलेले किती, हे वेगळे लिहा. तो आकडा तुमच्या दोन पानांच्या टिपणात अगदी वर टाका आणि मग गाईडच्या दारात जा. ते काय म्हणाले, ते मला अवश्य कळवा.